दस्तक, राहदारी आणि ई-पास : महामारींतील प्रवासबंदी व पनवेलचा वाटसरू

(१)

मराठी दप्तरांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस 'दस्तक' आणि 'राहदारी' हे शब्द नव्यानें सांगावयास नकोत. माणूस, माल अथवा जनावरें एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत नेतांना वाटेवरील चौकीपहाऱ्यानें मुजाहीम होऊं नये म्हणून दिलेला तो परवाना. चार-सहा ओळींचा मजकूर, बहुधा फाटका व वाळवी लागलेला. तहनाम्यांच्या आणि लढायांच्या पत्रांमागें लागलेला संशोधक अशा चिठ्या बाजूस सारतो. परंतु सामान्य माणूस कोणत्या कामासाठीं, कोणत्या वाटेनें आणि कोणाच्या परवानगीनें प्रवास करूं शकत होता, हें सांगणारा पुरावा पुष्कळदां तेवढाच असतो.

सन २०२० ते २०२२ या काळांत करोनाच्या महामारीमुळें महाराष्ट्रांतील माणसास दीर्घकाळपर्यंत पुन्हां अशा चिठीवांचून जिल्ह्याची हद्द ओलांडतां येईना. त्या चिठीस 'ई-पास' असें नांव होतें. तिच्या जोडीला टाळेबंदी, संचारबंदी, विलगीकरण, हातावरील शिक्के, लशीचीं प्रमाणपत्रें इत्यादि अनेक गोष्टी आल्या, आणि त्यांबरोबर लोकांचा संतापहि आला. या प्रवासबंदीची घडण कशी होती, तिचा पूर्वेतिहास काय आणि लोकांचा रोष नेमका कशावर होता, याचा विचार पनवेलच्या संदर्भांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, साथीचा बंदोबस्त असावा हें लोकांस मान्य होतें. तो कोणाचा, किती दिवसांचा व कोणास लागू, हें कळत नसे, याचा त्यांस राग होता. दुसरें असें कीं, या रागाचा पुरावा सरकारी हुकुमांत फारसा सांपडणार नाहीं. तो लोकांजवळच्या किरकोळ कागदांत आहे, आणि ते कागद आजच नाहींसे होऊं लागले आहेत.

(२)

याकरितां पनवेल हेंच ठिकाण कां घेतलें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. गाढी नदीजवळ, खाडीच्या माथ्यावर वसलेलें हें गांव पूर्वींपासून मुंबई बेट आणि घाटमाथा यांमधील उतारपेठ होय. बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाल्यावर मुंबईहून होडीनें पनवेल व तेथून खुष्कीनें पुणें असा प्रवासाचा नित्याचा क्रम पडला. येथील नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे या प्रांतांतील अगदीं जुन्या नगरपालिकांपैकीं एक. आज बंदराचें महत्त्व गेलें असलें तरी नाक्याचें महत्त्व वाढलेंच आहे. मुंबई-गोवा महामार्ग पनवेलजवळ पळस्पे येथून कोंकणाकडे वळतो. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाचा प्रारंभ शेजारच्या कळंबोलीस होतो. मुंबईच्या हार्बर मार्गावरील लोकल गाड्यांचें हें शेवटचें स्टेशन आहे, आणि कोंकण रेल्वेवर जाणाऱ्या गाड्याहि येथूनच पुढें जातात. तेव्हां मुंबईंतून बाहेर पडणाऱ्या माणसास अडविण्याचा हुकूम सुटला म्हणजे त्याची आंच प्रथम पनवेलास लागावी हें उघड आहे.

दुसरें कारण हद्दींचें. महसुली दृष्टीनें पनवेल तालुका रायगड जिल्ह्यांत मोडतो, पण पोलिसांच्या दृष्टीनें तो नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखालीं आहे. शहर व भोंवतालचीं खारघर, कामोठें, कळंबोली, नवीन पनवेल वगैरे वसाहती १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेंत आहेत, तर सभोंवतालच्या खेड्यांचा कारभार ग्रामपंचायती पाहतात. खारघर आणि बेलापूर यांमध्यें परक्या माणसास कांहींच अंतर जाणवत नाहीं. तरी एक रायगड जिल्ह्यांत व पनवेल महापालिकेंत, आणि दुसरें ठाणें जिल्ह्यांत व नवी मुंबई महापालिकेंत. शांततेच्या काळांत या रेघा फक्त नकाशावर असतात. महामारींत त्यांवर लोखंडी अडसर उभे राहिले.

(३)

आतां पूर्वेतिहासाकडे वळूं. साथीच्या भयानें प्रवाशास अडवून ठेवण्याची रीति युरोपांत जुनी आहे. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा नगरानें १३७७ सालीं साथीच्या मुलखांतून येणाऱ्यांस तीस दिवस शहराबाहेर ठेवण्याचा ठराव केला. पुढें ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरूनच 'क्वारंटाईन' हा शब्द निघाला. इटलींतील शहरें साथीच्या दिवसांत प्रवाशास आरोग्याचा दाखला देत. हे दाखले, तसेंच धुरी देऊन किंवा टोंचून शुद्ध केलेलीं जुनीं पत्रें, यांचा संग्रह करणारे रसिक युरोपांत आजहि आहेत. आपल्याकडील संग्राहकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आपल्या प्रांतांत या बंदोबस्ताचें खरें मूळ १८९६-९७ च्या प्लेगांत आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा रोग ओळखला. लोक भयानें शहर सोडूं लागले. सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोग कायदा मंजूर केला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. त्यांतील दुसऱ्या कलमानें सरकारास साथ रोखण्यासाठीं वाटेल ते तात्पुरते नियम करण्याचा व रेल्वेनें किंवा अन्य मार्गानें प्रवास करणाऱ्यांची तपासणी करून त्यांस वेगळें ठेवण्याचा अधिकार मिळाला. तिसऱ्या कलमानें हुकूम मोडणारास दंड विधानाच्या कलम १८८ प्रमाणें शिक्षा ठरविली. चौथ्या कलमानें या कायद्याखालीं सद्बुद्धीनें केलेल्या कृत्याबद्दल कोणावरहि दावा चालूं नये अशी तजवीज केली. याप्रमाणें सरकारचे अधिकार त्यांत सविस्तर आले. प्रजेनें गाऱ्हाणें कोठें न्यावें, याविषयीं मात्र एक शब्दहि आला नाहीं.

या कायद्याच्या अंमलाचें पुण्यांतील स्वरूप वाचकांस ठाऊक आहे. रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिटीनें मार्च १८९७ पासून गोऱ्या सोजिरांकरवीं घरोघर झडत्या घेतल्या. कल्याणसारख्या स्टेशनांवर गाड्या थांबवून उतारूंची वैद्यकीय तपासणी होई. फेब्रुवारी १८९७ मध्यें मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंचा प्रवासहि सरकारनें बंद केला. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागींच ठार झाले व रँड ३ जुलै रोजीं मरण पावले. त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढें मार्च १८९८ मध्यें मुंबईंतहि दंगा उसळला.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. टिळक स्वतः रोग्यांस वेगळें ठेवण्याच्या विरुद्ध नव्हते. पुण्यांत हिंदू प्लेग इस्पितळ काढण्यांत त्यांचा पुढाकार होता. त्यांचा आक्षेप सोजिरांच्या वर्तनावर आणि लोकांस विश्वासांत न घेणाऱ्या पद्धतीवर होता. शिवाय, उंदरांच्या पिसवांपासून प्लेग पसरतो हा शोध पॉल-लुई सिमों यांनीं कराचींत १८९८ सालीं लावला; तोपर्यंत स्टेशनावर उतारूंचे कपडे उतरविल्यानें रोगास कितपत अटकाव झाला, हा प्रश्न उरतोच. दंगे व खून झाल्यावर सरकारनेंहि आपलें धोरण बरेंच नरम केलें व लोकांच्या संमतीनें काम करण्याकडे कल दाखविला.

(४)

हाच १८९७ चा कायदा महाराष्ट्र सरकारनें १३ मार्च २०२० रोजीं पुन्हां अंमलांत आणिला आणि त्याखालीं दुसऱ्या दिवशीं करोनाविषयक नियम जाहीर केले. सवाशें वर्षांपूर्वींच्या परकी सरकारचा कायदा स्वराज्यांत जसाचा तसा उपयोगीं यावा, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे. मात्र या खेपेस तो एकटा नव्हता. पनवेलच्या रहिवाशावर एकाच वेळीं किती सत्तांचे हुकूम चालत होते, तें क्रमानें पाहूं.

पहिली सत्ता केंद्र सरकारची. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याखालीं केंद्रानें २५ मार्च २०२० पासून सर्व देशांत एकवीस दिवसांची टाळेबंदी पुकारली. ती पुढें ३ मे, १७ मे व ३१ मे पर्यंत वाढत गेली. दुसरी राज्य सरकारची. राज्यानें केंद्राच्या आधींच, २३ मार्च रोजीं, संचारबंदी पुकारून जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या होत्या. तिसरी जिल्हाधिकाऱ्यांची, चौथी महापालिका आयुक्तांची, आणि पांचवी पोलीस आयुक्तांची. पोलीस त्या वेळीं अंमलांत असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ प्रमाणें जमावबंदीचे हुकूम काढीत. याखेरीज खेड्यांतून दक्षता समित्या होत्या, आणि शहरांत गृहनिर्माण संस्थांनीं आपापल्या फाटकावर केलेले नियम होते. यांपैकीं एकानें मोकळी केलेली वाट दुसरा बंद करूं शके.

प्रवासाचा पास मिळविण्याची रीति अशी होती. अर्जदारानें पोलिसांच्या संकेतस्थळावर नांव, पत्ता, वाहनाचा क्रमांक, बरोबरच्या माणसांची संख्या, निघण्याचें व पोहोंचण्याचें ठिकाण, तारखा आणि प्रयोजन भरावयाचें. त्यास छायाचित्र, ओळखीचा कागद व सुरवातीच्या काळांत डॉक्टरचा दाखला जोडावयाचा. अर्ज मंजूर झाल्यास मोबाइलवर पास येई, त्यावर पडताळणीसाठीं काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा एक ठसा असे. नामंजूर झाल्यास पुन्हां अर्ज करावयाचा. ज्यास संगणक येत नाहीं, किंवा ज्याच्या गांवीं आजच माणूस वारलें आहे, त्याची या रीतींत काय स्थिति होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. पैसे घेऊन पास मिळवून देणारे दलाल लवकरच निघाले, व त्यांतील कांहीं पकडलेहि गेले.

(५)

आतां रोषाचे मुख्य प्रसंग कालक्रमानें देतों.

एप्रिल २०२०. पहिल्या टाळेबंदींत कोणासहि घराबाहेर पडण्याची मुभा नसतां एका धनाढ्य उद्योजक कुटुंबांतील मंडळी नोकरचाकरांसह तेवीस माणसें मिळून मोटारींतून खंडाळ्याहून महाबळेश्वरास गेलीं. त्यांच्यापाशीं गृहखात्यांतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचें पत्र होतें. हा प्रकार उघडकीस आल्यावर त्या अधिकाऱ्यास सक्तीच्या रजेवर पाठविण्यांत आलें. तथापि खंडाळ्याच्या घाटाखालीं पनवेलच्या नाक्यावर औषधासाठीं किंवा मयतासाठीं जाणारीं माणसें परत फिरविलीं जात असतां वर घाटमाथ्यावर एका पत्रानें वाट मोकळी व्हावी, ही गोष्ट लोकांच्या मनांतून गेली नाहीं. जुन्या दप्तरांत एखाद्या सरदाराच्या नांवें दिलेलें सरसकट माफीचें दस्तक जो पाहतो, त्यास हा प्रकार अपरिचित वाटणार नाहीं.

मे २०२०. परप्रांतीय मजुरांचे हाल हें या महामारींतील सर्वांत दुःखद प्रकरण होय. काम बंद, मजुरी बंद, गाड्या बंद, अशा स्थितींत हजारों लोक महामार्गानें पायीं निघाले. पनवेल परिसरांतील बांधकामांवरचे मजूरहि त्यांत होते. ८ मेच्या पहांटे औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ रुळांवर झोंपलेले सोळा मजूर मालगाडीखालीं ठार झाले. श्रमिक विशेष गाड्या मेच्या आरंभीं सुरू झाल्या. महाराष्ट्रांतली पहिली १ मे रोजीं नाशिक रोडहून भोपाळास गेली, आणि त्याच आठवड्यांत पनवेलहून मध्य प्रदेशांतील रीव्यास गाडी सुटली. परंतु गाडींत जागा मिळण्यासाठीं प्रथम पोलीस ठाण्यांत अर्ज, मग वैद्यकीय दाखला, आणि तिकिटाचे पैसे कोणी द्यावे याचा वाद, असा क्रम होता. दाखल्याची अट पुढें शिथिल झाली. आणि मजुरांकडून भाडें घेऊं नये असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २८ मे रोजीं दिला, तेव्हां पुष्कळ मजूर पायींच निघून गेलेले होते.

जून-जुलै २०२०. ३ जून रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांतील घरांचीं छपरें उडालीं. मुंबई-पनवेलास राहणाऱ्या त्यांच्या मुलांबाळांस घर सांवरण्यासाठीं गांवीं जाणें भाग होतें, आणि साथीचे नियम तर चालूच होते. जूनच्या पहिल्या आठवड्यांतच मुंबई महानगर प्रदेशाच्या आंत जिल्ह्यांची हद्द ओलांडण्यास राज्यानें मोकळीक दिली. पण महिनाअखेर मुंबई पोलिसांनीं घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जाऊं नये असें फर्माविलें, हजारों वाहनें जप्त केलीं, आणि टीका होतांच आठवडाभरांत हा नियम सोडून दिला. याच सुमारास, ३ जुलैच्या रात्रीपासून, पनवेल महापालिका हद्दींत पुन्हां कडक टाळेबंदी लागली व ती पुढें वाढविण्यांत आली. जुलैच्या मध्यास रायगड जिल्ह्यांतहि टाळेबंदी आली. राज्य 'पुन्हां प्रारंभ' म्हणत होतें, आणि पनवेलच्या दुकानदारास मात्र दार लावून घेण्याचा हुकूम होता.

ऑगस्ट २०२०. गणेशचतुर्थी त्या वर्षीं २२ ऑगस्ट रोजीं होती. कोंकणांतील चाकरमान्यास गणपतीस घरीं जाऊं नको म्हणणें म्हणजे काय, हें कोंकणाबाहेरच्या माणसास सहजासहजीं समजावयाचें नाहीं. प्रथम चौदा दिवसांच्या विलगीकरणाची भाषा झाली. मग ती मुदत दहा दिवसांवर आली. १२ ऑगस्टपर्यंत पोहोंचावें, नंतर येणारास प्रवासापूर्वींच्या अठ्ठेचाळीस तासांतील तपासणीचा निर्दोष दाखला लागेल, असें ठरलें. एस. टी. नें जाणारास ई-पास नको, स्वतःच्या मोटारीनें जाणारास हवा. रेल्वेच्या विशेष गाड्या सुरू झाल्या त्या १५ ऑगस्टपासून, म्हणजे ठरलेली तारीख उलटून गेल्यावर. पुढें २० ऑगस्टपासून एस. टी. ची जिल्ह्याजिल्ह्यांमधील वाहतूक सर्वांनाच ई-पासाविना खुली झाली. खाजगी वाहनांस मात्र ई-पासाची अट २ सप्टेंबरपर्यंत राहिली. वास्तविक राज्यांतर्गत वा आंतरराज्य प्रवासास वेगळ्या परवानगीची जरूर नाहीं, असें केंद्रानें जुलैअखेरच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलेलें होतें. अनोळखी माणसांबरोबर गाडींत बसल्यास रोग होत नाहीं, आणि स्वतःच्या बायकामुलांबरोबर बसल्यास होतो काय, असा प्रश्न त्या दिवसांत जो तो विचारीत होता. त्याचें समाधानकारक उत्तर कोणत्याहि हुकुमांत दिलेलें नाहीं.

सन २०२१ व २०२२. दुसऱ्या लाटेंत २२ एप्रिल २०२१ पासून जिल्ह्याबाहेरील प्रवासावर पुन्हां निर्बंध आले व ई-पास परत आला. बसमधून उतरणाऱ्याच्या हातावर चौदा दिवसांच्या गृहविलगीकरणाचा शिक्का मारण्याचें ठरलें. मुंबईंत वाहनांस लाल, हिरव्या व पिंवळ्या चकत्या लावण्याची योजना निघाली आणि आठवड्याच्या आंत ती मागें घेतली गेली. ३ जून २०२१ रोजीं एका मंत्र्यांनीं अठरा जिल्ह्यांतील निर्बंध उठल्याचें सांगितलें, आणि कांहीं तासांतच अद्याप तसा निर्णय नाहीं, असा खुलासा सरकारास करावा लागला.

पनवेलकरांस सर्वांत अधिक झोंबलेला प्रश्न लोकल गाडीचा होता. मार्च २०२० मध्यें बंद पडलेली लोकल १५ जूनपासून केवळ अत्यावश्यक सेवेंतील नोकरांसाठीं, २१ ऑक्टोबरपासून ठराविक वेळीं स्त्रियांसाठीं, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ठराविक वेळीं सर्वांसाठीं खुली झाली. दुसऱ्या लाटेंत ती पुन्हां बंद झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती दोन्ही लशी घेऊन चौदा दिवस झालेल्यांस खुली करण्यांत आली; परंतु अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांस लस देण्यास प्रारंभच १ मे रोजीं झाला होता व पुरवठा अपुरा होता, त्यामुळें नोकरीची गरज ज्यास अधिक, तोच तरुण मागें राहिला. लोकलविषयींचे हे हुकूम राज्य कार्यकारी समितीशीं रीतसर विचार न करतां काढलेले आहेत, असा दोष मुंबई उच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२२ मध्यें दाखविला, तेव्हां सरकारनें ते मागें घेतले. मात्र १ मार्चच्या नव्या हुकुमांत लशीची अट पुन्हां आलीच. अखेर १ एप्रिल २०२२ पासून, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीं, राज्यांतील सर्व निर्बंध उठले.

(६)

या सर्व प्रसंगांचा एकत्र विचार करितां लोकांच्या गाऱ्हाण्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग अनिश्चिततेचा. हुकूम रात्रीं निघे, सकाळीं लागू होई आणि चार दिवसांनीं बदले. दुसरा वर्ग अनेक सत्तांचा : एका कचेरीनें दिलेल्या पासास दुसऱ्या हद्दींतील शिपाई मान देईल याची खात्री नसे, आणि दाद कोणत्या दारीं मागावी हें समजत नसे. तिसरा वर्ग विषमतेचा : ज्याच्यापाशीं ओळख, मोटार किंवा संगणक त्यास एक वाट, व इतरांस दुसरी.

न्यायबुद्धीनें दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. रोग नवा होता, त्याच्या चालीविषयीं वैद्यांतहि एकमत नव्हतें, आणि मुंबईचा संसर्ग कोंकणांतील तालुक्याच्या गांवीं पोहोंचल्यास तेथें पुरेशीं इस्पितळें नव्हतीं. गांवांतील वृद्धांस वांचविण्यासाठीं चाकरमान्यांस कांहीं दिवस थांबविणें यांत तथ्य होतें, व गांवकऱ्यांपैकीं पुष्कळांची तशी मागणीच होती. नाक्यावर उन्हापावसांत उभे असलेल्या पोलिसांपैकींहि कित्येक या रोगास बळी पडले. म्हणून १८९७ ची आणि २०२० ची तुलना करतांना भेद विसरूं नये. प्लेगाच्या वेळीं हुकूम करणारा परका होता आणि त्यास उत्तर पिस्तुलानें मिळालें. करोनाच्या वेळीं हुकूम करणारे आपणच निवडून दिलेले होते, त्यांच्यावर टीका करतां येत होती, न्यायालयांत जातां येत होतें, आणि टीकेमुळें कित्येक नियम खरोखरच बदललेहि. साम्य आहे तें इतकेंच कीं, दोन्ही वेळीं एकाच कायद्याचा आधार घेतला गेला, आणि दोन्ही वेळीं नियमाचें कारण लोकांस समजावून देण्यापेक्षां शिक्षेचें भय दाखविणें सोपें वाटलें. २०२० च्या पहिल्या कांहीं महिन्यांतच राज्यांत कलम १८८ खालीं लाखाहून अधिक गुन्हे नोंदले गेले, यावरून ही गोष्ट दिसून येते.

(७)

आतां आमच्या संग्राहक वाचकांस मुद्दाम विनंति करावयाची आहे. प्लेगाचा इतिहास आज आपण लिहितों तो मुख्यत्वें सरकारी अहवालांवरून व वर्तमानपत्रांवरून. दामोदर हरि चापेकरांनीं तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्त सरकारी दप्तरांत राहिलें म्हणून तरी आपणांस मिळालें. पण कल्याण स्टेशनावर गाडींतून उतरविलेल्या साध्या उतारूचा स्वतःचा कागद आमच्या पाहण्यांत जवळजवळ आलेला नाहीं. त्याचा राग आपणांस दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावा लागतो.

करोनाच्या काळाविषयीं हेंच पुन्हां घडण्याचा संभव आहे, आणि तो अधिक आहे. कारण या खेपेचीं दस्तकें कागदावर नव्हतींच. तीं मोबाइलांत होतीं. मोबाइल बदलला कीं तीं गेलीं. ज्या संकेतस्थळानें पास दिला तें बंद पडलें कीं पासावरील ठशाचा पडताळाहि घेतां येत नाहीं. ज्यांनीं पास छापून घेतला त्यांचे कागद साधे, शाई उडून जाणारी. आणि हातावरचा शिक्का तर पंधरा दिवसांतच पुसला गेला.

म्हणून पुढील प्रकारचे कागद ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं ते जपून ठेवावे : ई-पास, व विशेषतः नामंजूर झालेल्या अर्जांचे संदेश, श्रमिक गाड्यांसाठीं भरलेले अर्ज व वैद्यकीय दाखले, अत्यावश्यक सेवेचीं ओळखपत्रें व लोकलचे पास, ग्रामपंचायतींनीं वेशीवर लाविलेल्या सूचनांचीं छायाचित्रें, गृहनिर्माण संस्थांचीं परिपत्रकें, महापालिकेचे व जिल्हाधिकाऱ्यांचे हुकूम, वाहन जप्तीच्या पावत्या, हातावरील शिक्क्याचें छायाचित्र. हुकूम ठेवतांना त्याचा जावक क्रमांक, तारीख आणि शक्य असल्यास तो हातीं आल्याची वेळ टिपून ठेवावी. एकाच विषयावर एका आठवड्यांत दोन हुकूम निघाले असतां त्यांचा क्रम लावण्यास दुसरें साधन राहत नाहीं. मोबाइलांतील पास चांगल्या कागदावर छापून घ्यावा आणि त्याच्या पाठीवर तीन गोष्टी लिहाव्या : हा कोणाचा, कोठून कोठें जाण्यासाठीं, आणि त्या दिवशीं वाटेंत काय झालें. आधार क्रमांक व रोग्याचीं नांवें झांकून ठेवावीं, कारण हीं माणसें आज हयात आहेत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पेशवेकालीन दस्तकांत प्रवाशाचें नांव असतें, मुक्काम असतो, तारीख असते. परंतु तो प्रवासी वेळेवर पोहोंचला कीं नाहीं, हें त्यांत कधीं लिहिलेलें नसतें. करोनाकाळांतील पनवेलच्या माणसास ही उणीव भरून काढतां येईल. आईच्या अंत्यसमयीं गांवीं जाण्यासाठीं काढलेला पास जर कोणापाशीं असेल, तर तो नाक्यावर चालला कीं नाहीं, हें त्याच्या पाठीवर त्यानें स्वहस्तें लिहून ठेवावें. पुढच्या संशोधकास सरकारचे हुकूम कोठें तरी सांपडतीलच. त्या हुकुमांनीं माणसांचें काय झालें, हें मात्र अशा चार ओळींवांचून कळावयाचें नाहीं. ज्या वाचकांजवळ असे कागद असतील त्यांनीं ते, अथवा त्यांच्या प्रती, आपल्या जवळच्या ग्रंथसंग्रहाच्या किंवा इतिहास-मंडळाच्या स्वाधीन कराव्या, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.